‘गोळी नाही ना घेतली?’ ‘येस!’

प्रश्न : आई सध्या बहिणीकडे लीड्सला आहे. तपासायला आलेल्या नर्सने विचारलं, ‘यू हॅवन्ट टेकन युवर टॅब्लेट टुडे?’ आई म्हणाली, ‘येस.’ म्हणजे, बरोबर, नाही घेतली. नर्सने गोळी घेतल्याची नोंद केली. बहीण शेजारी होती म्हणून निस्तरलं. आईचं नेमकं चुकलं कुठे? शिवाय आमचे चिरंजीव विचारतात, गाण्यात ‘आय डोन्ट नो नथिंग’ चालतं, मग पेपरात गुण का कापतात?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या आई चोख मराठी बोलल्या, शब्द तेवढा इंग्रजी होता. ‘अजून जेवला नाहीस?’ असं विचारलं की आपण म्हणतो, ‘हो ना, नाही जेवलो.’ समोरच्याचा अंदाज बरोबर असेल तर आपला हो. जपानी माणूसही असंच उत्तर देतो. इंग्रजीतल्या येस-नोला समोरच्याच्या अंदाजाशी देणंघेणं नाही. घडलं असेल तर येस, नसेल तर नो, मग प्रश्न सरळ विचारा नाहीतर उलटा. गोळी पोटात गेलेली नाही ना? मग ‘नो, आय हॅवन्ट.’

शाळेत मी ‘डिडन्ट यू डू द होमवर्क?’ असं विचारलं की पोरं कोरी वही पुढे करून ‘येस मॅडम’ म्हणायची. पोरं प्रामाणिक होती हो!

आईंना एवढंच सांगा, की नुसत्या येस-नोवर थांबायचं नाही. ‘आय हॅव’ किंवा ‘आय हॅवन्ट’ हे शेपूट लावायचंच. दवाखान्यात तर अख्खं वाक्य म्हणावं, ‘आय हॅव नॉट टेकन इट.’ बसमध्ये कुणी ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’, म्हणजे ‘इथे बसलो तर हरकत आहे का?’, म्हणालं तर मात्र उत्तर ‘नो, प्लीज सिट’. तिथे आपण हौसेने ‘येस, येस’ म्हणतो आणि तो बिचारा उभाच राहतो.

आता गंमत ऐका. जुन्या इंग्रजीत यासाठी एक नव्हे, दोन जोड्या होत्या. साध्या प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’, नकारी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’. म्हणजे ‘जेवला नाहीस ना?’ला आपण ठसक्यात ‘जेवलो की!’ म्हणतो, ते काम तेव्हा ‘येस’ करायचा. बायबलचं भाषांतर करणाऱ्या टिंडेलने ‘ने’च्या जागी ‘नो’ लिहिलं म्हणून १५३२च्या सुमारास सर टॉमस मोर त्याच्यावर तुटून पडले होते, आणि नियम समजावताना स्वतःच घसरले! पुढे ‘ये’ आणि ‘ने’ रोजच्या बोलण्यातून गेले. फ्रेंचांनी ‘सी’ आणि जर्मनांनी ‘डोख’ हे ‘की’च्या कामाचे शब्द जपले. इंग्रजांनी मात्र ‘येस’ला सगळ्याच होकारांना जुंपलं, म्हणून ही पंचाईत.

चिरंजीवांचा मुद्दा बिनतोड आहे. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने एका सरदाराचा सभ्यपणा सांगताना एकाच वाक्यात चार नकार रचले. त्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते, जोर वाढतो इतकंच. अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांनी ठरवलं, की दोन नकार एकमेकांना खातात आणि होकार उरतो. हे बीजगणित झालं, भाषा नव्हे, असं माझं मत. लंडनच्या ईस्ट एन्डमध्ये किंवा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हणजे ‘मला काही एक ठाऊक नाही’, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. पण पेपर प्रमाण इंग्रजीचा असतो. तिथे ‘आय डोन्ट नो एनीथिंग’ लिहावं आणि गुण पदरात पाडून घ्यावेत.

प्रमाण इंग्रजीत दोन नकार मुळीच चालत नाहीत असंही नाही. ‘नॉट अनकॉमन’ म्हणजे आपलं ‘अगदीच दुर्मीळ नाही’. पण साहेब ‘आय डोन्ट डिसॲग्री’ म्हणाले तर तो होकार समजून पुढचा खर्च करू नका. त्यांचा विरोध नाही, एवढंच त्यांनी सांगितलंय.