आरएनए सुटलाच नाही तर?

प्रश्न: मी उदगीरला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी शिकवलं की डीएनएवरून आरएनए तयार होतो आन् सुटून जातो. पण यूट्यूबवर बघितलं तर म्हणे तो कधी कधी डीएनएलाच चिकटून बसतो अन् जीनोमला, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएला, धोका होतो. खरंय का? नुसतं चिकटल्यानं एवढं काय बिघडतंय?

उत्तर: खरंय. सरांचंही चुकलं नाही, सिलॅबसात तेवढंच आहे. बनताना आरएनए डीएनएच्या ज्या धाग्यावरून बनतो त्या साच्याच्या धाग्याला आठ-नऊ अक्षरांच्या जोड्यांपुरता चिकटलेला असतोच, मग सुटतो. पण आरएनएत जी (ग्वानिन) हे अक्षर जास्त आलं की तो सुटल्यावर मागं वळून परत साच्याला जाऊन बसतो, आणि अशा ठिकाणी ही जोडी डीएनए-डीएनएच्या जोडीपेक्षाही घट्ट. डीएनएचा दुसरा धागा मग एकटाच बाहेर लोंबतो. या तीन धाग्यांच्या गुंत्याला आर-लूप म्हणतात, 1976 पासून माहितीय.

आता बिघडतं काय ते बघ. उघडा पडलेला धागा लवकर खराब होतो, हे एक. पण खरी पंचाईत डीएनएची कॉपी काढायच्या वेळी. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदीत एक ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट रुतून बसला आणि समोरून दुसरा आला की कसं, ना पुढं ना मागं! कॉपी काढणारी मशिनरी अशीच अडकते, त्यातही आरएनए बनवणाऱ्या मशिनरीच्या समोरासमोर आली तर जास्तच, आणि डीएनए तुटतो.

म्हणून पेशीनं गुंता काढायला माणसं ठेवलीत म्हण की. आरएनएज एच हे एन्झाइम या जोडीतला फक्त आरएनए कापतं, सेनाटॅक्सिन जोडी उलगडतं. सेनाटॅक्सिनच्या जीनमधे बिघाड असला तर चालताना तोल जाणारा एक आनुवंशिक आजार होतो, आणि आरएनएज एच2 बिघडलं तर तान्ह्या लेकरांत एकार्डी-गुटिएर सिंड्रोम, त्यात शरीराला वाटतं व्हायरसच घुसलाय आणि मेंदूला इजा होते. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेले बीआरसीए1, बीआरसीए2 हे जीन माहिती असतील ना, ते नसले की पेशीत आर-लूप साठतात.

पण परीक्षेत "आर-लूप घातक असतात" एवढंच लिहून येऊ नको हां. आपल्या रोगप्रतिकारक बी-पेशी आयजीएम या प्रकारची अँटीबॉडी सोडून आयजीजी प्रकारची बनवायला लागतात तेव्हा मुद्दाम हाच लूप वापरतात, तिथं डीएनए तुटायलाच पायजे असतो. आणि जीन बदलायच्या क्रिस्पर तंत्रातलं कॅस9 हे एन्झाइम डीएनए कापायच्या आधी जागा दाखवणारा गाइड आरएनए डीएनएत घुसवून बसवतं ना, तो पण आर-लूपच की!