उणे 263 अंशांवर घडणारी अभिक्रिया प्रयोगशाळेत कशी पाहतात?

अवकाशातील थंडी आणि पोकळी प्रयोगशाळेत खरोखर आणता येते का, आणि इतक्या थंडीत अभिक्रिया घडते तरी कशी, असे आपण विचारले आहे. ही अभिक्रिया म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या मेघांत, धूलिकणांवर गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर हायड्रोजनचे अणू आदळून मिथेनॉल बनणे. संशोधक विद्यार्थी असताना मी अशाच एका उपकरणावर काम केले आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

पोकळी ही वाटते तितकी मोठी अडचण नाही. पोलादी पात्राला तापपट्ट्या गुंडाळून, पंपाने हवा उपसत, ते दोन दिवस भाजले, की दाब 10⁻¹⁰ मिलिबारपर्यंत उतरतो. तेव्हा दर घन सेंटिमीटरला सुमारे 24 लाख रेणू उरतात, आणि आंतरतारकीय मेघांच्या अतिदाट गाभ्यांतही संख्या साधारण याच घरात असते. हेलियमवर चालणारा शीतक आतली सोनेरी मुलाम्याची तबकडी 10 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 263 अंश सेल्सियसपर्यंत, थंड करतो. ही तबकडी म्हणजे आमचा धूलिकण. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइड सोडला, की काही रेणूथरांचा बर्फ बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण अवरक्त वर्णपटात (रेणू कोणते अवरक्त किरण शोषतात त्याच्या आलेखात) 2,140 प्रति सेंटिमीटरपाशी, म्हणजे एका सेंटिमीटरात 2,140 लहरी मावतात तिथे, अरुंद शिखर उमटते.

आता त्यावर हायड्रोजनचे अणू सोडायचे. ते शिखर हळूहळू खचते, 1,720 च्या आसपास मधल्या टप्प्यावरचा फॉर्माल्डिहाइड डोके वर काढतो आणि मग 1,030 पाशी मिथेनॉल दिसू लागते. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात नाओकी वातानाबे आणि अकिरा कोउची यांनी 2002 मध्ये हे दाखवून दिले. एवढ्या थंडीत अभिक्रियेचा ऊर्जाअडथळा ओलांडण्याइतकी उष्णता नसते. हलका हायड्रोजन तो पुंजयांत्रिकी टनेलिंगने, म्हणजे अडथळा चढून न जाता जणू त्यातून आरपार जाऊन, पार करतो. हायड्रोजनच्या जागी त्याचाच दुप्पट जड प्रकार, ड्युटेरियम, वापरला की वेग कितीतरी घटतो, हा त्याचा भक्कम पुरावा.

नक्कल करता येत नाही ती काळाची. मेघात लाखो वर्षांत धूलिकणावर जेवढे अणू आदळतात, तेवढे आम्ही काही तासांत ओततो आणि एकूण मात्रा सारखी म्हणून तुलना करतो. माझ्या मते या पद्धतीतला खरा कच्चा दुवा हाच आहे, कारण दोन आघातांमधल्या दीर्घ शांततेत पृष्ठभागावरचे अणू काय करतात, हे त्यात निसटते.

एकदा 3,300 पाशी रुंद पट्टा वाढताना पाहून मिथेनॉल मिळाले म्हणून आम्ही हरखलो होतो. 1,030 पाशी मात्र काहीच नव्हते. एका जोडातून बारीक गळती होती, आणि तबकडीवर साठत होते ते हवेतले पाणी. जोड हवाबंद करणारी तांब्याची चकती (गॅस्केट) बदलून पात्र पुन्हा दोन दिवस भाजावे लागले.