उत्तर ग्रीसमधल्या फ्लोरिना-प्रेस्पाला पहिल्यांदा जाताय? मग एवढं बघा

अहो, पहिली चूक सगळे हीच करतात, थेसालोनिकीहून सकाळी निघून संध्याकाळी परत. असं नका करू, किमान दोन मुक्काम ठेवा, तेही प्रेस्पाच्या तळ्यांपाशीच, आयोस येर्मानोस गावात दगडी घरांमधे मस्त सोय होते.

- गाडी भाड्याने घ्याच. बसच्या भरवशावर राहिलात तर तळी फोटोतच बघाल.
- जॅकेट मे महिन्यातही हवं, तळी साधारण ८५० मीटर उंचीवर आहेत. हिवाळ्यात वाटेतल्या पिसोदेरीच्या घाटात बर्फ असतो, पहिल्या खेपेला ते धाडस नको.
- शेंगन व्हिसा सिंगल एन्ट्री (एकदाच आत येण्याचा) असेल तर "बितोला जवळच आहे, जाऊन येऊ" म्हणून उत्तर मॅसेडोनियाची सीमा ओलांडू नका, तो देश शेंगनमधे नाही, परत आत घेणार नाहीत!

बाकी छोट्या प्रेस्पा तळ्यावरचा ६५० मीटरचा तरंगता पूल मात्र पहाटेच गाठा, पायाखाली फळ्या हलत असतात, बाजूला बोरू, आणि डोक्यावरून पेलिकन इतका खालून जातो की पंखांचा आवाज ऐकू येतो. पलीकडच्या बेटावर दहाव्या शतकातल्या चर्चचे अवशेष आहेत. जेवायला तिथला मोठा पांढरा घेवडा मागवा, आपल्या पावट्याची आठवण येते, फक्त फोडणी नाही.

ट्रेकचं पुढच्या खेपेला बघू.