पाहुणा काडीकिडा

प्रश्न : माझं माहेर सावंतवाडी, त्यामुळे आंबोलीच्या पावसात काडीकिडे पाहिलेत. सध्या आम्ही इंग्लंडात, कॉर्नवॉलमधल्या फाल्मथला राहतो. ऑक्टोबरात दाराजवळच्या पांढऱ्या भिंतीवर मधल्या बोटाहून लांब, हिरवा काडीकिडा बसलेला! पाठीवर बारीक काळे काटे. लेकाने धरायला जाताच एक पाय त्याच्या चिमटीत राहिला, तेव्हापासून तो रडवेला आहे. त्याच्या शाळेत काचेच्या पेटीत 'इंडियन स्टिक इन्सेक्ट' पाळलेत. हा त्यातलाच का? थंडीत मरेल म्हणून घरात घ्यावा का?

उत्तर : आधी लेकाची समजूत काढा. पाली शेपूट टाकतात तसा काडीकिडा पाय टाकून निसटतो. पिल्लू असतं तर कात टाकताना नवा पाय फुटला असता, पण हिची वाढ पुरी झालेली दिसते. पाच पायांवर तिचं भागेल.

'हिची' म्हणालो, कारण या जातीत जवळजवळ साऱ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. या जातीगटातला पहिला नर सापडला 2016 साली, तोही मायदेशी न्यूझीलंडमध्ये नाही, तुमच्या कॉर्नवॉलमध्ये!

शाळेतले मूळचे तमिळनाडूचे, त्यांच्या पाठीवर असे काटे नसतात. तुमची पाहुणी न्यूझीलंडची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली झाडं कॉर्नवॉलच्या रोपवाटिकांत आणि सिली बेटांतल्या ट्रेस्कोच्या बागेत आली, त्यांच्याबरोबर हीही आली. अंडं दिसतं हुबेहूब बीसारखं. कुंडीतल्या मातीत ते कोणाला ओळखू येणार? समुद्रामुळे तिथे कडाक्याचं हिमदव क्वचित पडतं, म्हणून वंश टिकला.

घरात घेऊ नका. हीटरच्या कोरड्या हवेत तिचे हाल होतील. ब्लॅकबेरीच्या जाळीत किंवा गुलाबावर सोडा, तेच तिचं खाणं. पहिल्या कडक थंडीत ती बहुधा मरेल, हे लेकाला आधीच सांगून ठेवा (लपवलंत तर नंतर जड जाईल). पण तोवर ती एकेक अंडं खाली टाकत राहील आणि ती अंडी हिवाळा काढतात. त्या झाडाखालचा पालापाचोळा तेवढा झाडू नका. शेजारी नावं ठेवतील, ठेवू देत. उन्हाळा लागला की रात्री टॉर्च घेऊन लेकाबरोबर त्याच जाळीत शोधा. पिल्लं दोऱ्याएवढी बारीक असतात.