शब्दकोड्यांच्या मदतीने इतिहासातील तह आणि सनावळ्या लक्षात राहतात का?

स्पर्धा परीक्षेसाठी मराठेशाहीतील लढाया व तह पाठ करायचे आहेत, त्यासाठी शब्दकोडी उपयोगी पडतील का, असे आपण विचारले आहे. इतिहास शिकवताना माझे मत असे झाले आहे की, नावांसाठी ती उत्तम, सनांसाठी बऱ्यापैकी आणि कारणमीमांसेसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतात. शिवाय आयती कोडी सोडवण्यापेक्षा ती स्वतः रचण्यात अधिक लाभ आहे.

'पुरंदर' हेच उत्तर घ्या. 'मराठ्यांनी केलेला एक तह' हा संकेत कुचकामी आहे, कारण 1665 मध्ये शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगाशी केलेला तहही पुरंदरचा आणि 1776 मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांनी इंग्रजांशी केलेला तहही पुरंदरचाच. '23 किल्ले मोगलांना द्यावे लागले तो तह' असे लिहिण्यासाठी आपल्याला पुस्तक पुन्हा उघडावे लागते, आणि पाठांतर नेमके तेथेच होते.

मराठी कोड्यात मात्रेसह पूर्ण अक्षर एका घरात बसते, त्यामुळे 'सुरत'मधील 'र' 'पुरंदर'च्या 'रं'शी जुळत नाही, शेवटच्या 'र'शी जुळतो. ही अडचण त्रासदायक खरी, पण तिच्यामुळे जोड्या शोधाव्या लागतात. 'पालखेड' आणि 'सालबाई' हे शब्द दुसऱ्या घरातील 'ल'वर एकमेकांना छेदतात. बाजीरावांनी निजामाला पालखेडला कोंडले ते 1728 मध्ये, तर महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला तो 1782 मध्ये. शेवटचे दोन अंक उलटे झाल्यामुळे विद्यार्थी हमखास गोंधळतात, म्हणून ही जोडी मी मुद्दाम एकाच चौकटीत बसवतो आणि सन संकेतातच लिहितो.

सुरत (1775), पुरंदर (1776), वडगाव (1779) आणि सालबाई हा क्रम मात्र कोड्यातून उलगडत नाही. मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी सुरतेला केलेला तह कलकत्त्याच्या कौन्सिलने अमान्य केला आणि त्यातूनच पुरंदरची बोलणी झाली, ही साखळी चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहूनच काढावी लागते.

चौकट लहान ठेवा आणि रचलेले कोडे लगेच सोडवू नका. आठवडाभराने, तोपर्यंत शब्दांच्या जागा विसरल्यावर सोडवा, किंवा सोबत अभ्यास करणाऱ्याशी अदलाबदल करा.