"मॅडम, व्यायामाला पायाला वजन बांधल्यावर आतला रॉड निसटणार नाही ना?"

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या घरात गेले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि बऱ्याचदा मी निघताना, दाराशी चपला घालत असताना हळू आवाजात, म्हणजे पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते पण खरं सांगायचं तर निम्मा वेळ घरच्यांशी बोलण्यात जातो आणि तो वाया गेला असं मला कधीच वाटत नाही.

साताऱ्याकडच्या एका आजींचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय. वय 78, बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय घसरला, मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू घातले. सर्जननी कागदावर स्पष्ट लिहून दिलं होतं, वॉकर धरून झेपेल तेवढा भार देत चालवा. मी पोचले तेव्हा घरी येऊन अकरा दिवस झालेले आणि आजी पलंगावरून खाली उतरल्याच नव्हत्या. बेडपॅन, भरवणं, कूस बदलणं, सगळं सूनबाई करत होत्या आणि जीव ओतून करत होत्या. "डॉक्टर बोलले होते चालवा म्हणून, पण आम्हीच म्हटलं आधी हाड जुळू दे, मग बघू."

मी म्हटलं वहिनी, हाड जुळेपर्यंत भार पेलायलाच तर तो रॉड आत बसवलाय. सर्जननी भार द्यायला परवानगी दिली असेल तर खुर्चीतून उठल्याने किंवा पायाला अर्धा किलो बांधल्याने तो निसटत नाही. (काही फ्रॅक्चरमधे सर्जन मुद्दाम कमी भार द्यायला सांगतात, तिथे त्यांचंच ऐकायचं, माझं नाही.) मग त्यांना आजींच्या चांगल्या पायाच्या मांडीवर हात ठेवायला सांगितला आणि आजींना म्हटलं गुडघा खाली दाबा, मांडी घट्ट करा. आजींनी दात आवळून जोर लावला पण हाताखाली मांडी मऊच, भिजवलेल्या कणकेसारखी. वहिनी एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, हा तर चांगला पाय ना हो?

तेच तर! 2007 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, साधारण 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस बेडवर ठेवलं तर पायातलं जवळपास एक किलो मांस उतरलं. ती माणसं धडधाकट होती, त्यांचं काही मोडलेलं नव्हतं. आपल्या आजींचं तर ऑपरेशन, दुखणं, रक्त गेलेलं, त्यात जेवण अर्ध्यावर आलेलं.

पण वहिनींची भीती नुसती रॉडची नव्हती हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. चहा टाकता टाकता पाठमोऱ्याच बोलल्या, "त्या दिवशी फरशी मीच पुसली होती." एवढंच. नणंद फोनवर काहीतरी बोलली होती ते मनात रुतून बसलेलं. आता आजी जराशा हलल्या की ह्या धावत जाऊन काखेत हात घालून उचलायच्या. मी त्यांना सांगितलं की ह्या वयात पडण्यामागे दहा गोष्टी असतात, ठिसूळ झालेली हाडं, डोळे, बीपीच्या गोळ्या, तो उंच उंबरा, पण समजूत घालून अशी बोच जात नाही हे मलाही माहितीये. म्हणून त्यांना एक काम दिलं. आजी उठायला लागल्या की शेजारी उभं राहायचं, हात मागे बांधायचे आणि मनात दहा आकडे मोजायचे, तोल जातोय असं दिसलं तरच हात पुढे. पहिल्या दिवशी आठपर्यंत मोजेस्तोवर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. आणि नवाला आजी उभ्या!

सुरुवात साधीच केली. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा पाऊण तास आधी, पाऊल वरखाली, मांडी घट्ट करणं, उंच खुर्चीतून वॉकरसमोर उठबस. चार पावलं व्हायला लागल्यावर वजन आणलं. वजन म्हणजे काय तर वहिनींनी जुन्या साडीच्या कापडाची पिशवी शिवली आणि त्यात अर्धा किलो तांदूळ भरले, ती घोट्याला बांधून खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ करायचा, आठ ते दहा वेळा, एक दिवसाआड. दहा वेळा सहज जमायला लागलं की तांदूळ वाढवायचे. हे वाढवत नेणं महत्त्वाचं, महिनोन् महिने तोच हलका व्यायाम करून ताकद वाढत नाही. आणि हो, पहिल्याच आठवड्यात वजन बांधलं की जादू होते असंही नाही, डेन्मार्कमधे वॉर्डातच करून बघितलंय, पेशंटना झेपलं पण तेवढ्या दिवसांत ताकदीत वेगळा फरक दिसला नाही. लवकर सुरू करायचं ते पुढे काही महिने चालू ठेवायला.

आजींचा मुलगा म्हणाला ह्या वयात कसली ताकद येणार. त्याला 1990 सालचा बोस्टनचा प्रयोग सांगितला, नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायाच्या व्यायामातलं वजन वाढवत नेलं आणि शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून अंडी आणायला लागला. आजी अंडं खातात हे बरं झालं, कारण नुसत्या चहा-बिस्किटावर आणि पेजेवर मांस चढत नाही. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, दूध, दही, पनीर, अंडं यातलं काहीतरी पाहिजेच. (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.)

व्यायामानंतर स्नायू दुखणं चालतं, दुसऱ्या दिवशी ओसरतं. पण पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखलं, ताप आला, जखमेतून पाणी आलं, किंवा जांघेत अचानक कळ येऊन पायावर भारच देता येईना, तर व्यायाम बंद आणि तडक हॉस्पिटल. तिथे उद्या बघू नाही.

आता दोन महिने झालेत. पिशवीत दोन किलो तांदूळ आहेत. परवा गेले तर आजी ओट्याला टेकून उभ्या, वॉकर बाजूला, स्वतःचा चहा स्वतः उकळतायत, "हिचा चहा पांचट असतो गं पोरी, अडीच महिने सोसला." वहिनी मागे हात बांधून उभ्या होत्या, मी विचारलं अजून मोजताय का, तर म्हणाल्या, सवय झाली हो. आजींना आता हळदीकुंकवाला खाली मांडी घालून बसायचंय. पुढच्या आठवड्यात एक्स-रे आहे, तेव्हा सर्जनना विचारू म्हटलं.