अडीच लाखांच्या कागदावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : मी पुण्यात धायरीला राहतो, वय ३४. एसी दुरुस्तीची कामं स्वतंत्रपणे घेतो, महिन्याला साधारण पंचवीस हजार सुटतात. पाच महिन्यांपूर्वी नवले पुलाजवळ एका कारने माझ्या दुचाकीला मागून धडक दिली. डाव्या नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकला. हेल्मेट घातलेलं नव्हतं. ऑपरेशनचा बराचसा खर्च माझ्या मेडिक्लेममधून झाला. आता कारच्या विमा कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणतो, ‘अडीच लाख लगेच घ्या. कोर्टात हेल्मेटवरून अडकाल, मेडिक्लेमचे पैसे वजा होतील, उत्पन्नाचा पुरावाही नाही.’ सही करू का?

उत्तर : नको. निदान आत्ता तरी नको.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये, चूक कोणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख ठरलेले आहेत. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. म्हणजे कंपनी काही मेहरबानी करत नाही. खरी मेख कलम १६६ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) आहे : कलम १४९ च्या, म्हणजे विमा कंपनीशी तडजोडीच्या पद्धतीने कलम १६४ ची भरपाई स्वीकारली, की अपघात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणातला तुमचा मोठा दावा संपतो. उरलेलं नंतर बघू, असं तिथे चालत नाही. आणि कागद खासगी समझोत्याचा असला, तरी ‘पूर्ण व अंतिम’ हे दोन शब्द पुढे कंपनीचा वकील तुमच्यासमोर धरणारच.

दुसरी गोष्ट मुदतीची. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. तुमच्याकडे जेमतेम महिना आहे, आणि ‘साहेबांशी बोलून कळवतो’ म्हणत हा महिना सहज निघून जातो. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवला का, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. पण त्यावर विसंबून राहू नका. शिवाजीनगरच्या न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे स्वतःचा अर्ज टाका. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करा. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोषारोपपत्र, कारची आरसी आणि पॉलिसी, तुमचं डिस्चार्ज कार्ड एवढ्यावर अर्ज दाखल होतो. अपंगत्वाचा दाखला नंतर देता येतो. कलम १७१ खाली व्याज देताना ते दावा दाखल केल्याच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, हाही उशीर न करण्याला एक कारण.

हेल्मेटचा मुद्दा तुमच्या बाबतीत पोकळ आहे. हेल्मेट नव्हतं म्हणून नडगी मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीकी प्रकरणात, मोटारसायकलवर तिघे बसलेले असतानाही, नियमभंगाचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागेल असं म्हटलं. डोक्याला मार असता तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. मात्र पंचनामा आणि नकाशा नीट वाचा. ‘दुचाकी अचानक उजवीकडे वळली’ असं एखादं वाक्य त्यात असेल, तर अंशदायी निष्काळजीपणाचा, म्हणजे ‘थोडी चूक तुमचीही’ असा, सगळा बचाव त्यावरच उभा राहतो आणि भरपाईतून वीस-तीस टक्के जाऊ शकतात. फिर्याद नातेवाइकाने घाईत दिली असेल आणि त्यात चूक असेल, तर पोलिसांकडे तुमचा पुरवणी जबाब आजच द्या.

मेडिक्लेमबाबत तो माणूस जुनं सांगतोय. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निर्णय दिला आहे : तुम्ही हप्ते भरून घेतलेल्या मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा होत नाही. अडचण वेगळीच येते. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेलेली असतात आणि झेरॉक्सवर हरकत घेतली जाते. रुग्णालयाकडून शिक्क्यानिशी प्रमाणित प्रती आणि मेडिक्लेम कंपनीचं क्लेम मंजुरीचं पत्र आत्ताच मिळवा.

आता पैसे खरोखर कुठे कमी होतात ते. समजा, दाखल्यात डाव्या पायाचं ३० टक्के कायम अपंगत्व आलं. कंपनी म्हणेल, हे एका पायाचं, संपूर्ण शरीराचं १० टक्केच धरा. उत्पन्न महिना १२,००० धरा. उत्पन्नातली भावी वाढ धरू नका. मग १,४४,००० गुणिले १६ (गुणक, म्हणजे वार्षिक नुकसानीला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा; ३१ ते ३५ वयाला १६) गुणिले १० टक्के, म्हणजे २,३०,४००. अडीच लाख वाजवी वाटू लागतात ते या गणितामुळे. आता तुमच्या बाजूने मांडा : वार्षिक तीन लाख, त्यावर चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाराला ४० टक्के भावी वाढ, म्हणजे ४,२०,०००, गुणिले १६, कमाईच्या क्षमतेतली घट २० टक्के. उत्तर १३,४४,०००. उपचार, विश्रांतीच्या काळातलं बुडीत उत्पन्न, वेदना, प्रवास, मदतनीस हे सगळं याच्यावर. आणखी एक खेळी : स्वतःच्या खर्चापोटी एक-तृतीयांश कापायला सांगतात. ती कपात मृत्यूच्या दाव्यात असते, जखमीच्या नाही.

हे २० टक्के आपोआप मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालाचा गाभाच असा, की अवयवाचं अपंगत्व आणि कमाईतलं नुकसान हे वेगळे प्रश्न आहेत. डावा हात गेला तर सुताराचं जवळजवळ सगळं जातं, कारकुनाचं तेवढं नाही. म्हणून तुमच्या साक्षीत नुसतं ‘पाय दुखतो’ नको. शिडीवर उभं राहून आउटडोअर युनिट उचलता येतं का, गॅलरीच्या कठड्यापलीकडच्या स्टँडपाशी तोल सांभाळता येतो का, उकिडवं बसून गॅस भरता येतो का, हे यायला हवं. दाखला हाड जुळल्यावर आणि उपचार स्थिरावल्यावर, शक्यतो ससून रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून घ्या, आणि डॉक्टर साक्षीला येतील असं बघा. डॉक्टर साक्षीला आले नाहीत, तर दाखला बहुतेक वेळा निकामी होतो.

उत्पन्नासाठी बँक आणि यूपीआयचा अपघातापूर्वीचा वर्षभराचा उतारा, सुट्या भागांची बिलं, आयटीआयचं प्रमाणपत्र, आणि एखाद्या सोसायटीच्या सचिवाची व्हाउचरसह साक्ष. अपघातानंतर घाईने मागच्या वर्षांचे रिटर्न भरू नका. तारीख पाहूनच ते संशयित ठरतात.

चालकाचं लायसन संपलं होतं वगैरे म्हणाले तर घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वर्णसिंग निकालापासून (२००४) अशा बाबतीत साधारणपणे कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश होतो.

तो माणूस पुन्हा आला तर त्याला काही लिहून देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. ‘आता कसं वाटतंय?’ला आपण सवयीने ‘बरंय’ म्हणतो आणि समोरचा मोबाइल चालू असतो. कोऱ्या कागदावर तर सही नकोच. पुढे लोकअदालतीत चांगला आकडा आला तर जरूर विचार करा, पण अपंगत्वाचा दाखला हातात आल्यावर. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

आणि रॉड पुढे काढावा लागणार असेल, तर सर्जनकडून त्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च लेटरहेडवर लिहून घ्या. अर्जात तो आजच मागा.